दुभाष्याच्या पायातील बेडी

"परवान्यात लिहिले आहे ना? मग विषय संपला!" असे म्हणणारे सद्गृहस्थ मला वारंवार भेटतात. ते बहुधा माझ्याच व्यवसायातले, म्हणजे संगणकाचे प्रोग्रॅम लिहून पोट भरणारे असतात. गंमत अशी की परवान्यात नेमके काय लिहिले आहे ते त्यांनी वाचलेले नसते. 'मला मान्य आहे' या चौकोनावर बोट टेकवताना जे वाचावेसे वाटले नाही, तेच दुसऱ्याला धाक घालताना त्यांना वेदवाक्य वाटू लागते. दुसरा वर्ग याच्या अगदी उलट टोकाचा. त्याचे ब्रीदवाक्य "अहो, बघतंय कोण?" हे दोन्ही वर्ग एकमेकांना तुच्छ लेखतात, पण न वाचण्याच्या बाबतीत ते सख्खे भाऊ आहेत. मला या दोघांशीही भांडायचे आहे, आणि त्यांचे झाले की ज्या कलमावरून हे सगळे चालले आहे त्या कलमाशीही.

दिवाळी अंकात हा रुक्ष विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. पण ज्यांची ठेव तालुक्याच्या पतसंस्थेत आहे, त्यांचा या विषयाशी संबंध आहे. फक्त त्यांना तो कोणी सांगितलेला नाही.

१९९० नंतरच्या दशकात आपल्याकडच्या पुष्कळ पतसंस्थांच्या, दूधसंघांच्या आणि दुकानांच्या कीर्द-खतावण्या संगणकावर चढल्या. त्यांतल्या कितीतरी 'फॉक्सप्रो' या भाषेत चढल्या. मी स्वतः असे प्रोग्रॅम लिहिले. सातारा जिल्ह्यातील एका पतसंस्थेचा ठेव-कर्जाचा हिशेब माझ्या हातच्या व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या प्रोग्रॅमवर आजही चालतो. व्याजाचे दर बदलले, संचालक मंडळे बदलली, सभासदांच्या नावांसाठीचे मराठी फॉन्ट तर दोनदा बदलले (ती निराळीच रडकथा आहे). हिशेब चुकला नाही. संस्थेपाशी सहा संगणक आहेत. त्यांवरच्या विंडोज १० ला कंपनीने दिलेला आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. काही काळाची वाढीव मुदत मिळते, पण ती मुदतच. विंडोज ११ ला जी सुरक्षा-चिप आणि जे नव्या पिढीचे प्रोसेसर लागतात, ते या यंत्रांत नाहीत. यंत्रे तर धडधाकट आहेत. चेअरमन मला म्हणाले, "तुमचं ते लिनक्स फुकट असतंय म्हणे. त्याच्यावर आपला प्रोग्रॅम चालंल का?"

चालतो. मी चालवून पाहिला आहे. 'वाइन' नावाचा एक मुक्त प्रकल्प १९९३ पासून सुरू आहे. विंडोजकडे प्रोग्रॅम जी जी सेवा मागतो, ती ती सेवा लिनक्सवर स्वतःच्या नव्या संहितेने पुरवायची, असा त्याचा खटाटोप. ठेवीची पावती छापली जाते, व्याज दिवसाला दिवस जुळते. मग अडचण कुठे? अडचण त्या प्रोग्रॅमच्या सोबत्यात आहे.

व्हिज्युअल फॉक्सप्रोत लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत पुरता उतरत नाही. तो एका मधल्या सांकेतिक रूपात राहतो, आणि चालण्यासाठी त्याला बरोबर एक दुभाष्या लागतो. त्या दुभाष्याला 'रनटाइम' म्हणतात. चारपाच मेगाबाइटांची एक मुख्य फाइल आणि तिच्या मागेपुढे दोनतीन लहान फायली, एवढाच त्याचा संसार. प्रोग्रॅम माझा, आकडे सभासदांचे, दुभाष्या मायक्रोसॉफ्टचा. ज्याने मूळ साधन विकत घेतले त्याने आपल्या प्रोग्रॅमबरोबर हा दुभाष्या ग्राहकाला द्यावा, दर ग्राहकामागे निराळे पैसे भरू नयेत, अशी मुभा परवान्यात आहे. हे औदार्य खरे आहे आणि मी ते नाकारीत नाही. पण त्या मुभेच्या पायात एक बेडी आहे. आवृत्तीआवृत्तीत शब्द थोडे बदलतात. आशय असा की वाटलेल्या या फायली मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या जोडीनेच चालाव्यात.

आपल्याकडे पुष्कळ घरांत पणजोबांच्या वेळचे मोडीतले गहाणखत असते. ते वाचायला जाणकार लागतो. त्याने वाचण्याचे चार पैसे घेतले तर कोणी कुरकुर करणार नाही. पण तो म्हणाला, "मी तुमचे गहाणखत वाचीन, मात्र अमक्या वाड्याच्या ओसरीवरच, तुमच्या घरी नाही. आणि त्या वाड्याचे भाडे दर काही वर्षांनी नव्याने भरत चला," तर आपण त्याला काय म्हणू? जमीन आपली, खत आपले, आणि वाचण्याची जागा मात्र त्याच्या मर्जीची!

ही अट फॉक्सप्रोच्या रक्तात नव्हती, हे नव्या पिढीला ठाऊक नसते. फॉक्स सॉफ्टवेअर ही अमेरिकेत ओहायओ राज्यातल्या पेरिसबर्ग या लहान गावची कंपनी. तिने फॉक्सप्रोची भाषा शून्यातून निर्माण केली नाही. ॲश्टन-टेट या बलाढ्य कंपनीच्या डीबेसची भाषा तिने उचलली आणि तीच भाषा अधिक वेगाने चालवून दाखवली. ॲश्टन-टेटने १९८८ मध्ये दावा ठोकला: आमची भाषा तुम्ही वापरता! १९९० मध्ये न्यायाधीशांनी ॲश्टन-टेटचाच कॉपीराइट अवैध ठरवला. कारण डीबेसचे मूळ जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या सार्वजनिक मालकीच्या एका प्रोग्रॅमात होते आणि ते नोंदणीच्या वेळी सांगितले गेले नव्हते. पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी तो निकाल मागे घेतला. त्यानंतर ॲश्टन-टेटच बोरलँडच्या पोटात गेली, आणि अमेरिकेच्या न्याय खात्याच्या दडपणाने तो दावा विझला. म्हणजे ज्या फॉक्सच्या वंशजाने आज भिंती घातल्या, तो फॉक्स स्वतः दुसऱ्याच्या भिंतीवरून उडी मारूनच आत आला होता. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स विकत घेतले. त्यानंतरही फॉक्सप्रोची २.६ आवृत्ती डॉस, विंडोज, मॅकिन्टॉश आणि युनिक्स अशा चार घरांत नांदत होती. एकदा लिहा, चारही घरांत चालवा, हेच तर तिचे भूषण होते. व्हिज्युअल फॉक्सप्रोची तिसरी आवृत्ती मॅकवर आली, आणि पाचवीपासून घर उरले एक.

२००३ मध्ये या बेडीचा आवाज प्रथम मोठ्याने ऐकू आला. फॉक्सप्रोवर पुस्तके लिहिणाऱ्या आणि प्रकाशित करणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाने वाइनच्या साह्याने व्हिज्युअल फॉक्सप्रो लिनक्सवर चालते हे जाहीरपणे दाखवायला घेतले. कंपनीकडून त्याला परवान्याची आठवण करून देण्यात आली. वाद माजला. साधन लिनक्सवर वापरणे वेगळे आणि रनटाइम लिनक्सवाल्या ग्राहकाला वाटणे वेगळे, असे भेद निघू लागले. कोणी कोर्टात गेले नाही. आणि माझ्या मते तेथेच खरे नुकसान झाले. निकाल न लागलेली धमकी हीच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ धमकी असते. तिला पुरावा लागत नाही आणि मुदत नसते. पुण्या-कोल्हापुरातल्या माझ्या व्यवसायबंधूंनी तो वाद अर्धा ऐकला आणि त्यातून एक नियम बनवला: 'फॉक्सप्रो लिनक्सवर चालवणे बेकायदेशीर आहे.' परवान्यात हे वाक्य नाही. कोणत्याही कायद्यात नाही. ते आमच्या भित्रेपणाने रचलेले पोटकलम आहे.

तेव्हा आता कलम वाचू या. ती अट कोणावर आहे? वाटणाऱ्यावर. परवाना जेथे फायली वाटण्याची मुभा देतो, तेथेच ती अट बसलेली आहे. मी आज नव्या ग्राहकाला लिनक्सच्या यंत्रावर घालण्यासाठी म्हणून प्रोग्रॅम आणि रनटाइम एकत्र बांधून दिला, तर ती अट माझ्या मानेवर बसते. यात मी शब्दच्छल करणार नाही. "विंडोजच्या जोडीने म्हणजे विंडोजसारख्या कशाच्याही जोडीने" अशी मखलाशी काही हुशार मंडळी करतात. वाइन म्हणजे विंडोज नव्हे. वाइनवाले स्वतःच तसा दावा करीत नाहीत. असली ओढाताण केली की आपली खरी बाजूही खोटी दिसू लागते.

पण माझ्या पतसंस्थेची गोष्ट तशी नाही. तिला मी रनटाइम दिला तो विंडोजसाठी, विंडोजवर, वर्षांपूर्वी. ते वाटप त्याच क्षणी पुरे झाले आणि अटीत बसूनच झाले. आता संस्था स्वतःच्या यंत्रावरून स्वतःच्या फायली स्वतःच्याच त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या व्यवस्थेत ठेवते, त्याला 'वाटप' म्हणायचे असेल तर एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर भांडी नेणाऱ्या गृहिणीलाही भांडी विकल्याचा कर लावला पाहिजे. यावर आमचे शहाजोग मित्र म्हणतात की परवान्यात दुसरेही कलम आहे: कंपनीला जेवढे संरक्षण या परवान्यात आहे, त्याहून कमी संरक्षण देणारा करार ग्राहकाशी करू नये. बरोबर, आहे. पण संरक्षण कशाचे? कंपनीच्या संहितेचे: ती उकलू नये, तिच्या नकला विकू नयेत, नुकसानभरपाईसाठी कंपनीला ओढू नये. ग्राहकाने कोणत्या ओसरीवर बसावे हे 'संरक्षण' या शब्दात आपोआप येत नाही. ज्याने करार लिहिला त्याच्या संदिग्ध शब्दाचा अर्थ त्याच्या विरुद्ध लावावा, हा करारशास्त्राचा जुना नियम आहे. मायक्रोसॉफ्टकडे वकिलांची वाण नव्हती. त्यांना ग्राहकाला बांधायचे होते तर त्यांनी स्पष्ट लिहायचे होते.

आणि आपला कायदा? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम माझ्या किती व्यवसायबंधूंनी उघडून पाहिले आहे, देव जाणे. प्रोग्रॅमची प्रत ज्याच्यापाशी कायदेशीरपणे आहे, त्याने ज्या कामासाठी तो प्रोग्रॅम मिळाला त्या कामासाठी वापरता यावा म्हणून प्रत केली किंवा तीत फेरफार केला, तर तो कॉपीराइटचा भंग नव्हे, असे तेथे म्हटले आहे. पतसंस्थेला प्रोग्रॅम कशासाठी मिळाला? विंडोजची शोभा वाढवायला नव्हे. ठेवींचा हिशेब ठेवायला. स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमांशी जुळावा म्हणून आवश्यक ती माहिती इतरत्र सहज मिळत नसेल तर ती काढून घेण्याची मुभाही त्याच कलमात आहे. युरोपच्या न्यायालयाने तर २०१२ मध्ये एसएएस या कंपनीच्या खटल्यात सांगून टाकले की प्रोग्रॅमचे कार्य आणि प्रोग्रॅमिंगची भाषा यांवर कॉपीराइट सांगता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये जावाच्या जोडण्यांची नक्कल करणाऱ्या गूगलला ओरॅकलविरुद्ध मोकळे केले. वाइन ज्या जातीचे काम करते, त्याला जगभरचे न्यायाधीश चोरी म्हणत नाहीत. चोरी म्हणतो तो आमचा शेजारच्या टेबलावरचा मित्र.

येथे एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. मुक्त सॉफ्टवेअरचे काही कट्टर पुरस्कर्तेच मला तो घेतात. ते म्हणतात, "परवान्याच्या अटी अशा चिरफाड करून वाचायच्या तर उद्या आमचा जीपीएलही कोणी तसाच वाचील. अट म्हणजे अट. २००८ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने जेकबसन विरुद्ध कॅट्झर खटल्यात मुक्त परवान्याच्या अटी बंधनकारक मानल्या, त्या याच न्यायाने." माझे उत्तर असे की जीपीएल मलाही तसाच, अक्षर न् अक्षर वाचून हवा आहे. तो वाचला की दिसते की त्याच्या अटी नक्कल करण्याला, बदलण्याला आणि वाटण्याला बांधलेल्या आहेत. प्रोग्रॅम चालवण्यावर आपले बंधन नाही, असे तो स्वतःच सांगतो. मुक्त परवाना कोणत्याही एका तंत्राशी बांधलेला नसावा, हे तर ओपन सोर्सच्या व्याख्येतले दहावे कलम. कॉपीराइट म्हणजे नकलेवरचा हक्क. त्या हक्काच्या पोटातून जी अट निघते ती एक, आणि त्या हक्काचा सोटा हातात धरून शेजारच्या शेताची हद्द सरकवायला जी निघते ती दुसरी. अमेरिकेच्याच नवव्या सर्किटच्या न्यायालयाने २०१० मध्ये एका खेळाच्या खटल्यात हा भेद केला: परवान्याचे प्रत्येक वचन मोडले म्हणजे कॉपीराइट मोडला असे नव्हे. त्या खटल्यातला प्रतिवादी दुसऱ्या कायद्याखाली अडकला, हेही सांगितले पाहिजे. पण भेद राहिला.

विंडोजला बांधण्याची अट कोणत्या हक्कातून निघते? संहितेच्या एका अक्षराचेही ती रक्षण करीत नाही. लिनक्सवर दुभाष्या चालला म्हणून त्याची फाइल झिजत नाही. ती अट विंडोजच्या विक्रीसाठी आहे, आणि विक्रीची अट कॉपीराइटच्या सोवळ्यात गुंडाळून आली की आपण तिला नमस्कार करतो. भ्रमणध्वनी बनवणाऱ्यांनी अँड्रॉइडची दुसरी रूपे वापरू नयेत अशा गूगलच्या करारांकडे आपल्याच स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये डोळे वटारून पाहिले आणि १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. पुढच्या वर्षी अपिलात काही आदेश गळाले, दंड टिकला. म्हणजे असल्या करारांना बाजारपेठेच्या कायद्याने जाब विचारता येतो, हे आपल्या देशात सिद्ध झालेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्टच्या खटल्यात म्हटले होते की असमान बळाच्या पक्षांत दुबळ्याने नाइलाजाने सही केलेल्या अन्यायकारक कलमाची अंमलबजावणी न्यायालय करणार नाही. त्याच निकालात, दोन्ही पक्ष व्यापारी असतील तर हे लागू होईलच असे नाही, अशीही पुस्ती आहे. म्हणून मी या निकालाच्या छत्रीखाली निर्धास्त झोपत नाही. पण तालुक्याची पतसंस्था आणि रेडमंडची कंपनी हे तुल्यबळ व्यापारी आहेत, असे कोणी म्हणेल तर ते ऐकायला मला आवडेल.

"बघतंय कोण" म्हणणाऱ्या दुसऱ्या पंथाला एवढेच सांगतो की पतसंस्थेचे हिशेबतपासनीस बघतात. संस्थेच्या दप्तरी कोणत्या सॉफ्टवेअरचा कोणता परवाना आहे हे त्यांनी विचारले, तर "चालतंय की" हे उत्तर कागदावर लिहिता येत नाही. आणि चोरून वापरणाऱ्याला कलम बदलून मागण्याचे तोंड राहत नाही. वर्षानुवर्षे आपण चोरीचे विंडोज वापरले, म्हणून तर कोणत्या अटी आपल्या पायात आहेत हे आपल्याला कधी बोचलेच नाही!

आता मूळ कलमाकडे. ज्या कंपनीने ते लिहिले ती आज कोठे आहे पाहा. तिने २००७ मध्ये जाहीर केले की व्हिज्युअल फॉक्सप्रोची दहावी आवृत्ती निघणार नाही. जानेवारी २०१५ मध्ये नवव्या आवृत्तीचा उरलासुरला आधारही संपला. त्याच सुमारास, २०१४ च्या नोव्हेंबरात, तिने आपल्या नव्या डॉटनेटचा गाभा खुला करून लिनक्सवर नेण्याची घोषणा केली. २०१६ मध्ये खुद्द विंडोजच्या पोटात लिनक्स चालवण्याची सोय आली. २०१७ मध्ये तिचा एसक्यूएल सर्व्हर लिनक्सवर आला. जुन्या सामानाचेही तिने दान केले: जीडब्ल्यू-बेसिकची संहिता २०२० मध्ये खुली केली, एमएस-डॉस ४ ची २०२४ मध्ये. मी त्याबद्दल टाळ्याच वाजवतो. पण मग फॉक्सप्रोच्या दुभाष्याच्या पायातली बेडी कोणाच्या रक्षणासाठी उरली आहे? जी वस्तू कंपनी सुधारत नाही, दुरुस्त करीत नाही, जिच्यातला दोष निघाला तर फोन उचलत नाही, तिने कोठे बसावे हे मात्र ती अजून ठरवणार? आपल्याकडे वतन सुटले तरी मानपानाचा हट्ट न सोडणारे पाटील असत, त्यांची आठवण होते.

संहिता खुली करा, अशी मोठी मागणीही मी करीत नाही. इतरांनी ती केली आहे आणि ती ऐकली गेलेली नाही. मला एक ओळ हवी आहे: 'व्हिज्युअल फॉक्सप्रोचा रनटाइम, आहे त्या स्थितीत, कोणत्याही हमीशिवाय, कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर वाटण्यास मुभा आहे.' या ओळीने कंपनीचा एक पैसा बुडत नाही. कंपनीला या अर्थाचे पत्र मी धाडले आहे. आपल्या राज्यातल्या पतसंस्थांच्या फेडरेशनांनी आणि सहकार खात्याने असेच पत्र धाडले तर त्याला निराळे वजन येईल. एका कारागिराच्या पत्राला ते येत नाही. सहकारी चळवळीने साखरेच्या दरासाठी दिल्ली हलवली आहे, आपल्याच खतावण्या वाचण्याच्या हक्कासाठी एक ठराव करणे तिला जड जाऊ नये.

तोवर माझ्या पतसंस्थेला मी लेखी कळवले आहे ते असे. सहाही यंत्रांवर लिनक्स घालावे. जो रनटाइम संस्थेपाशी आधीपासून आहे तोच तिने स्वतः तेथे न्यावा, माझ्याकडून नवी प्रत घेऊ नये. खरेदीची मूळ पावती, परवान्याची छापील प्रत आणि विंडोजच्या चिकटपट्ट्या यांची फाइल करून हिशेबतपासनिसांपुढे ठेवावी. सगळ्या तक्त्यांची एक प्रत दर महिन्याला साध्या मजकुराच्या रूपात काढून ठेवावी, म्हणजे दुभाष्या उद्या मेला तरी आकडे मरणार नाहीत. शेजारच्या गावातल्या संस्थेला हाच प्रोग्रॅम नव्याने लिनक्सवर हवा आहे. तिला मी अजून नाही म्हणतो आहे, आणि का नाही म्हणतो तेही तिला याच शब्दांत लिहून दिले आहे.